व्हर्च्युअल मशीनच्या चिपचा बॅकअप कोण घेते?

प्रति,
मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

साहेब, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्याबद्दल तुमच्या पेपरात आलं होतं. त्यात शेवटी शेवटी दोन ओळी होत्या की ज्याच्या मशीनमध्ये टीपीएम चिप (गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप) नाही त्यानं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा कॉम्प्युटर, बनवावी, त्यात व्हर्च्युअल टीपीएम टाकावी अन् विंडोज ११ चालवावं. त्यात चूक काही नाही, असं होतेच. पण त्या दोन ओळींच्या पुढं जे लिहायला पाहिजे होतं ते नव्हतं, अन् ते माहीत नसलं तर काय होते हे मी ह्याच कापसाच्या सीझनमध्ये डोळ्यानं पाहिलं, म्हणून लिहून राहिलो. पत्र लांबलं आहे, जागा नसेल तर खुशाल कापा, पण बॅकअपचा भाग तेवढा राहू द्या.

मी दारव्हा तालुक्यातला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, सोबत पीक विमा, ई-केवायसी, परीक्षेचे फॉर्म अशी सगळी ऑनलाईन कामं. गावात कोणाचं काही बंद पडलं की फोन मलेच येतो. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले, सकाळी सातला फोन आला तो आमच्याकडच्या एका जिनिंगमधून. काट्याच्या खोलीतला पोरगा बोलत होता, आवाज रडवेला. "भाऊ, लवकर या, मशीन चालू होते पण विंडोजच येऊन नाही राहिलं, निळी स्क्रीन आली अन् अडतालीस आकडे मागून राहिली."

सीझनमध्ये जिनिंगचा काटा अडणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या वेच्याचा कापूस, रब्बीचं बी-खत घ्यायचं, मजुरांचे पैसे द्यायचे, सगळ्यांना पैशाची घाई. मेटाडोर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीपासून लाईनीत. भरल्या गाडीचं वजन, मग कापूस खाली करून रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक म्हणजे माल, त्याची पावती निघते, पावतीवर भाव लागते अन् मग चुकारा. आता हे सगळं कॉम्प्युटरमध्ये असते. काट्याचा डिस्प्ले चालू होता, वजन दिसत होतं, म्हणून मुनीमजी वहीत हातानं लिहून गाड्या घेत होते, पण मागच्या तीन दिवसांच्या पावत्या आतच अडकलेल्या, अन् त्या तीन दिवसांचे चुकारे बाकी होते. ज्यांनी कापूस टाकून दिला होता ते लोक गेटवर उभे. त्यांच्याकडं पावती होती, पण हिशोब जुळवायला मुनीमजींकडं काही नव्हतं.

आधीच्या रात्री झालं असं की लाईन गेली, अन् परत आली ती इतकी जोरात आली की यूपीएस अन् डब्ब्याचा मदरबोर्ड दोन्ही गेले. डब्बा म्हणजे काट्याच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक साधा असेम्बल केलेला सर्व्हर, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स, अन् त्या लिनक्सच्या पोटात केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) दोन व्हर्च्युअल मशीन. एकात विंडोज ११, त्यावर काट्याचं सॉफ्टवेअर अन् सगळा हिशोब, दुसऱ्यात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. दोन वर्षांआधी बाहेरगावच्या एका पार्टीनं हे बसवून दिलं, काम चांगलं केलं होतं असंच मी म्हणेन, दररोज रात्री विंडोजच्या डिस्कची पूर्ण फाईल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी व्हायची. त्यामुळं मालक निर्धास्त होते. मशीन जळली तर जळली, नवीन घेऊ, डिस्कची कॉपी लावू, अर्ध्या तासात काटा चालू. काट्यावरच्या पोरानं रातोरात तेच केलं, ऑफिसमधल्या दुसऱ्या मशीनवर लिनक्स टाकलं, कॉपी लावली अन् तिथंच गाडी अडली.

पहिली अडचण त्यानं स्वतःच सोडवली होती, ती पण सांगतो कारण ती खूप लोकांना येते. नवीन मशीनवर केव्हीएम टाकलं, विंडोज ११ निवडलं की व्हर्ट-मॅनेजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन बनवायचा प्रोग्राम, आपोआप टीपीएम जोडते, पण ती चिप चालवणारा प्रोग्राम वेगळा असते, त्याचं नाव एसडब्ल्यूटीपीएम. तो टाकलेला नसला तर मशीन बनतच नाही, एसडब्ल्यूटीपीएम-सेटअप सापडत नाही असा एरर येते. पुष्कळ जण इथं घाबरून टीपीएमच काढून टाकतात. तसं करू नका, ते पॅकेज अन् त्याच्यासोबतचं टूल्सचं पॅकेज टाकलं की हा एरर जाते. तरीही नाही गेला तर एसडब्ल्यूटीपीएमची लॉग फाईल उघडा, व्हर्च्युअल मशीनचा कारभार पाहणारं लिबव्हर्ट ती प्रत्येक मशीनची वेगळी ठेवते, बहुतेक वेळा तिथं परमिशनची भानगड निघते. पोरानं पॅकेज टाकलं, मशीन चालू झाली, अन् ती निळी स्क्रीन आली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर) रिकव्हरी. ४८ आकड्यांची की टाका.

मी पोचलो तवा खोलीत दहा-बारा माणसं जमलेली. एक म्हातारे बाबा, खांद्यावर दुपट्टा, स्क्रीनकडं बघत म्हणाले, "अडतालीस आकडे कोनाले पाठ असते गा?" बरोबर विचारलं त्यांनी. पाठ कोणालेच नसते, ते लिहून ठेवायचे असते, अन् ते कुठं लिहिले हे कोणाले माहीत नव्हतं. बसवून देणाऱ्या पार्टीला फोन लावला, ते म्हणाले ते काम आमच्या एका पोरानं केलं होतं, तो नोकरी सोडून गेला, त्याच्या अकाउंटमध्ये असेल. त्या पोराचा नंबर बंद.

मला पण पहिले वाटलं की कॉपी करताना फाईल खराब झाली असेल. परवाची कॉपी लावून पाहिली, तीच स्क्रीन. त्याच्या आदल्या दिवशीची लावली, तीच. तेव्हा डोक्यात आलं की डिस्क चांगलीच आहे, पण विंडोजला ही मशीन ओळखू येऊन नाही राहिली.

इथं ती चिप म्हणजे काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडं ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडं डिजिटल सहीचं टोकन असते ना, पेन ड्राईव्हसारखं. लॅपटॉप बदलला तरी टोकन तेच लावावं लागते, लॅपटॉपमधल्या सगळ्या फाईली कॉपी केल्या तरी सही कॉपी होत नाही, कारण सहीची गुप्त किल्ली त्या टोकनच्या बाहेर कधी येतच नाही. टीपीएम त्याच जातीची वस्तू, फक्त ती मदरबोर्डवर नाहीतर प्रोसेसरच्या आत असते. टीपीएम २.० चं स्पेसिफिकेशन २०१४ साली आलं, अन् ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं त्यात मायक्रोसॉफ्टनं ती सक्तीची केली, त्याच्या आधी आपल्याकडं हे नाव दुकानदाराला पण माहीत नव्हतं. बिटलॉकर डिस्क कुलूपबंद करते तेव्हा त्या कुलपाची किल्ली चिपकडून बांधून घेते. बांधलेलं गाठोडं डिस्कवरच राहते, पण ती गाठ फक्त तीच चिप सोडू शकते, दुसरी नाही. अन् तिच्यात अजून एक गोष्ट असते. मशीन चालू होताना काय काय चाललं, कोणतं फर्मवेअर (विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम), सिक्युअर बूट (खात्रीचाच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू की बंद, ह्याचे ठसे चिपमध्ये उमटत जातात, त्या ठशांचे साधारण २४ खाने असतात, त्यांना पीसीआर म्हणतात. सिक्युअर बूट चालू असलं तर बिटलॉकर ७ नंबरचा अन् ११ नंबरचा खाना बघते. ठसे जुळले तर गाठ सुटते, नाही जुळले तर ४८ आकडे.

व्हर्च्युअल मशीनला खरी चिप नाही, तर मग ही सगळी वस्तू सॉफ्टवेअरमध्ये बनवतात. म्हणजे चिप ही पण शेवटी एक फाईलच. अन् ही फाईल विंडोजच्या डिस्कच्या फाईलीत नसते! ती होस्टवर, म्हणजे बाहेरच्या लिनक्सवर, वेगळ्या ठिकाणी असते. लिबव्हर्टमध्ये व्हार-लिब-लिबव्हर्टच्या आत एसडब्ल्यूटीपीएम नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या यूयूआयडीच्या (मशीनचा ओळख नंबर) नावाचं एक फोल्डर, त्यात टीपीएम२ अन् त्यात ती फाईल. किती मोठी? काही केबीची. मोबाईलच्या एका फोटोपेक्षा लहान. दोन वर्षं दररोज रात्री शंभर जीबीच्या वरची डिस्क कॉपी होऊन राहिली होती अन् तिच्या बाजूची ही काही केबीची फाईल एकदाही कॉपी झाली नव्हती, कारण ती आहे हेच कोणाच्या ध्यानात नव्हतं. पोरानं नवीन मशीन बनवली तेव्हा तिला नवीन यूयूआयडी मिळाला, नवीन यूयूआयडी म्हणजे नवीन कोरी चिप, अन् कोऱ्या चिपला जुनी गाठ कशी सुटणार.

जुना डब्बा कुठं आहे विचारलं तर म्हणे सकाळच्या गाडीनं यवतमाळला रिपेअरला धाडला. मी म्हटलं त्यांना आधी फोन लावा अन् सांगा की मदरबोर्डचं काय करायचं ते करा, पण त्यातल्या एसएसडीला हात लावू नका, फॉरमॅट तर मुळीच नाही. काट्यावरचा पोरगा मोटरसायकलनं गेला अन् एसएसडी काढून घेऊन आला, चाळीसेक किलोमीटर जायचे, चाळीस यायचे. एसएसडी चांगली होती. तो येईपर्यंत दुपार झाली, मुनीमजी वहीत लिहितच होते, गेटवरची माणसं थोडी कमी झाली होती पण जी होती ती बोलत नव्हती, अन् ते जास्त जड वाटत होतं.

एसएसडी युएसबीनं जोडली. त्यात व्हर्च्युअल मशीनची एक्सएमएल फाईल, म्हणजे मशीनची सगळी मांडणी लिहिलेली फाईल, सापडली, त्यात जुना यूयूआयडी. तो डॅशसकट ३६ अक्षरांचा असते. पोरगा एक्सएमएलमधून एक एक अक्षर मोठ्यानं वाचत होता अन् मी फोल्डरच्या नावाशी जुळवत होतो, कारण तिथं तीन फोल्डर होते, पहिल्या टेस्टिंगच्या वेळचे असतील. तिसरं जुळलं. मग नवीन मशीनवर पोरानं बनवलेली ती व्हर्च्युअल मशीन काढली, जुन्या एक्सएमएलनंच मशीन परत नोंदवली म्हणजे यूयूआयडी तोच राहिला, जुनं चिपचं फोल्डर त्याच नावानं त्याच जागी ठेवलं, मशीन चालू केली. परत निळी स्क्रीन.

खरं सांगतो साहेब, तेव्हा माझे हात थंड पडले. चिप तीच, डिस्क तीच, मग आता काय राहिलं? पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो. मग ठशांचं आठवलं. सिक्युअर बूटची सगळी माहिती, त्याच्या चाव्या, ते चालू की बंद, हे व्हर्च्युअल मशीनच्या फर्मवेअरच्या आणखी एका वेगळ्या फाईलीत असते, तिला एनव्हीरॅम म्हणतात, ती पण डिस्कमध्ये नसते. मी ती आणलीच नव्हती. शिवाय इकडच्या मशीनवर फर्मवेअरचा जो पाथ होता तो पोरानं एरर आला म्हणून बदलला होता अन् सिक्युअर बूट नसलेलं फर्मवेअर लागलं होतं, म्हणून ७ नंबरचा ठसा वेगळा उमटत होता अन् चिप बरोबरच करत होती, ती गाठ सोडत नव्हती. जुन्या एसएसडीवरून एनव्हीरॅमची फाईल आणली, सिक्युअर बूटवालं फर्मवेअर लावलं, चालू केलं. गोल गोल ठिपके फिरले अन् विंडोज आलं. काट्याचं सॉफ्टवेअर उघडलं, तीन दिवसांच्या पावत्या जशाच्या तशा. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. त्या दिवशी चुकारे निघाले नाही पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे निघाले.

आता ह्यात नशिबाचा भाग किती होता ते बघा. एसएसडी जळली असती तर? दुरुस्तीवाल्यानं फॉरमॅट मारला असता तर? अन् सगळ्यात मोठी भीती मला दुसऱ्याच गोष्टीची आहे. समजा जुना डब्बा चालू असता अन् कोणी तरी "जुनी व्हर्च्युअल मशीन डिलीट करा, डिस्कची कॉपी तर आहेच" म्हणून डिलीट मारली असती, तर लिबव्हर्ट मशीनसोबत चिपची ती फाईल पण काढून टाकते. ठेवायची असली तर डिलीट करतानाच कीप-टीपीएम असं वेगळं सांगावं लागते, ते कोणी सांगत नाही कारण कोणाले माहीत नाही. तसंच विंडोजच्या आत टीपीएम क्लिअर करायचं एक बटन असते, चिपचा काही लोचा झाला की लोक पहिले तेच दाबतात. बिटलॉकर लागलेलं असताना अन् ४८ आकडे हातात नसताना ते बटन दाबलं तर ती डिस्क गेली असंच समजा, मग पुण्या-मुंबईचा कितीही मोठा इंजिनिअर आणा, गाठ सुटत नाही. ते कुलूप खरंच मजबूत आहे, म्हणून तर किल्लीची काळजी घ्यायची.

काही जण मला म्हणाले की चिप जर साधी फाईल आहे अन् कॉपी होते तर मग तिचा उपयोगच काय, चोर पण कॉपी करेल. प्रश्न योग्य आहे. खऱ्या चिपमधून किल्ली बाहेर येत नाही, व्हर्च्युअल चिपचं तसं नाही, ज्याच्या हातात होस्ट त्याच्या हातात चिप. म्हणून होस्टची डिस्क पण एन्क्रिप्ट करावी, चिपच्या फाईलीला पण वेगळा पासवर्ड लावता येते, अन् तिचा बॅकअप काट्याच्या खोलीत डिस्कच्या बॅकअपच्या बाजूलाच ठेवू नये. एवढं केलं तर कोणी एकटी विंडोजची डिस्क पळवली तरी त्याला काही उघडत नाही. माझ्या मते हिशोबाच्या मशीनसाठी हे करण्यासारखं आहे, शेतकऱ्यांचे आधार नंबर, बँक खाते नंबर त्यात असतात. चिप नको म्हणून पळवाट काढणारे आमच्याकडं पण आहेत, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) एक नोंद टाकून टीपीएमची तपासणी टाळता येते अन् विंडोज ११ बसते. पोरांच्या शिकायच्या मशीनवर करायचं तर करा, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच ह्याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, अन् जिथं लोकांच्या पैशाचा हिशोब आहे तिथं ही पळवाट काढू नये असं मला मनापासून वाटते.

केव्हीएमचंच असं आहे असं समजू नका. अमरावतीकडच्या एका संस्थेत माझा मित्र लॅब पाहतो, त्यांच्याकडं विंडोज सर्व्हरवर हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, आहे. सर्व्हर बदलला, व्हर्च्युअल मशीन बरोबर एक्सपोर्ट करून इम्पोर्ट केली, तर नवीन सर्व्हरवर ती चालूच होईना, की प्रोटेक्टर उघडता येत नाही असा एरर. तिथं चिपची माहिती मशीनसोबत जाते पण ती ज्या सर्टिफिकेटांनी बंद केलेली असते ती जुन्या सर्व्हरच्याच सर्टिफिकेट स्टोअरमध्ये, शिल्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स नावाच्या कप्प्यात राहून जातात. दोन असतात, एक सहीचं, एक एन्क्रिप्शनचं. ती दोन्ही प्रायव्हेट की सकट एक्सपोर्ट करून नवीन सर्व्हरवर टाकली की मशीन चालू होते. त्याचं नशीब चांगलं, जुना सर्व्हर कोपऱ्यात पडून होता. अशाच कामाच्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये टीपीएम जोडायची तर व्हर्च्युअल मशीन एन्क्रिप्ट करावी लागते, तो पासवर्ड विसरला की संपलं. प्रॉक्समॉक्सवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, तिथं टीपीएमची छोटी वेगळी डिस्कच असते अन् ती मशीनच्या यादीत डोळ्याला दिसते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये २०२२ च्या ७.० पासून ही सोय आली, घरी शिकणारी पोरं बहुतेक तेच वापरतात.

अजून एक छोटी गोष्ट. चिप बदलली की बिटलॉकर नसलं तरी विंडोजचा पिन चालत नाही, पिन उपलब्ध नाही असं म्हणते. ते घाबरण्यासारखं नाही, पासवर्ड टाकून आत जायचं अन् पिन नवीन बनवायचा, कारण तो पिन त्या चिपपुरताच असते. पण पासवर्ड माहीत पाहिजे. आमच्याकडं निम्म्या लोकांना चार आकड्यांचा पिनच पासवर्ड वाटते.

तर आता काय करायचं. मशीन आज चांगली चालू आहे तोवरच करायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटरनं उघडा, मॅनेज-बीडीई ह्या कमांडला प्रोटेक्टर्स अन् गेट सांगितलं की सी ड्राईव्हची ४८ आकड्यांची की समोर येते. ती कागदावर लिहा, सहा सहा आकड्यांचे आठ गट असतात, लिहून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. सोबत कीचा आयडी पण लिहा, कारण निळ्या स्क्रीनवर तोच आयडी दिसते अन् चार मशीनच्या चार की असल्या तर कोणती कोणाची ते त्यावरूनच कळते. हा कागद मालकाच्या तिजोरीत. मोबाईलात फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, मी हे पण पाहिलं आहे. बॅकअपमध्ये डिस्कसोबत तीन गोष्टी घ्या, मशीनची एक्सएमएल, एनव्हीरॅमची फाईल अन् चिपचं फोल्डर, अन् त्या मशीन बंद असताना घ्या म्हणजे चारही एकाच वेळच्या राहतात. मशीन ठरवून हलवायची असली तर निघायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे कोऱ्या चिपवर पण विंडोज उघडते, अन् नवीन जागी बसल्यावर परत चालू करा. सस्पेंड म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच लटकवून ठेवल्यासारखं, म्हणून ते तसंच सोडून घरी जायचं नाही.

अन् वर्षातून एकदा, मी तर म्हणतो पोळ्याच्या आसपास, सीझन सुरू व्हायच्या आधी, बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर विंडोज खरंच उघडून बघा. उघडल्याशिवाय तो बॅकअप आहे असं मानू नका. जिनिंगमध्ये दोन वर्षं रोज रात्री कॉपी होत होती अन् एकदाही कोणी ती दुसरीकडं लावून पाहिली नव्हती, एकदा पाहिली असती तर हे सगळं पोळ्यालाच कळलं असतं, तेव्हा गेटवर एक पण गाडी नसते.

बसवून देणाऱ्या लोकांबद्दल माझी तक्रार आहे अन् ती मी स्पष्ट लिहितो, मी पण त्याच धंद्यातला आहे. बिल देताना सोबत कुलपाची किल्ली द्यायची असते. घर बांधून देणारा मिस्त्री किल्ल्या आपल्या खिशात घेऊन गावाला जात नाही. काम ज्या पोरानं केलं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर ग्राहकाच्या मशीनची की जाते, तो पोरगा नोकरी सोडते अन् ग्राहकाला कधी सांगितलंच जात नाही की अशी एक की असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नवीन इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साईन-इन केलं की पुष्कळ मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, कोणी चालू केलं नाही तरी. म्हणजे इन्स्टॉल करणाऱ्यानं घाईत स्वतःचं अकाउंट टाकलं तर की त्याच्याकडं गेली. सोसायट्या, जिनिंग, पतसंस्था, शाळा, दूध डेअऱ्या, सगळ्यांनी आपल्या कॉम्प्युटरवाल्याला आजच विचारावं की आमची की कोणाच्या अकाउंटमध्ये आहे. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर समजून घ्या की ती तुमच्याकडं नाही.

आयटीआयच्या कोपा ह्या कॉम्प्युटरच्या ट्रेडला अन् एमएस-सीआयटीला आपल्याकडची कितीतरी पोरं जातात. त्यांना वर्ड-एक्सेल चांगलं येते, पण आमच्या काट्यावरच्या त्या पोरानं, जो रातोरात एकट्यानं लिनक्स बसवू शकते, त्यानं मले म्हटलं, "भाऊ, हे रिकव्हरी कीचं आम्हाले कोणी शिकवलंच नाही." एक तासाचं प्रॅक्टिकल पुरे आहे, बिटलॉकर लावा, की लिहा, चिप बदला, की टाकून उघडा. ज्यांच्या हातात अभ्यासक्रम आहे त्यांच्यापर्यंत हे तुमच्या पेपरातून जावं.

अन् तुम्हाला एक विनंती. विंडोज १० वर अजून पुष्कळ मशीन आहेत, मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे, म्हणजे पुढचा कापूस यायच्या वेळेलाच लोक परत घाईघाईत मशीन बदलतील. तेव्हा तुम्ही परत ह्या विषयावर लिहालच. व्हर्च्युअल टीपीएम टाका असं जिथं छापाल, त्याच्या खालीच, त्याच टायपात, छापा की तिची फाईल डिस्कमध्ये नसते, वेगळी कॉपी करा, अन् ४८ आकडे कागदावर लिहा.

जिनिंगमध्ये तो कागद आता मुनीमजींच्या तिजोरीत आहे, पाकिटावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, "काट्याच्या खोलीची किल्ली". मी म्हटलं खोलीची नाही मुनीमजी, कॉम्प्युटरची लिहा. ते म्हणाले, "राहू दे, शोधाची वेळ आली त मले असंच आठवते."

आपला,
एक वाचक व कॉम्प्युटर दुरुस्तीवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ